पहिल्या खिळ्यावरचा नट

अप्पा,

मी ब्रोकर झाले. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला जो काय संताप करायचा आहे तो सुरुवातीलाच करून घ्या. ब्रोकर हा शब्द तुम्ही आपल्या घरात शिवीसारखा वापरायचात. दूध नासलं तरी 'सकाळी सकाळी कुठल्या ब्रोकरचं तोंड बघितलंस गे?' असं आईला विचारायचात, आणि धाकटा काही खोटं बोलला की 'हा मोठा होऊन ब्रोकर होणार, लिहून ठेवा' असं भविष्य सांगायचात. भविष्य खरं ठरलं, फक्त मूल बदललं. धाकटा एका लॉरीचा मालक आहे, स्वतःच चालवतो, अगदी तुमच्यासारखा. ब्रोकर झाले ती मी. म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीत एका पंक्चरच्या दुकानावर माझी खोली आहे. तुमच्या वेळी तिथं नाचणीची शेतं होती, आता घरावर घर आणि कारखान्याला चिकटून कारखाना. खाली रस्त्याच्या कडेला लॉऱ्या उभ्या असतात, वर मी दोन फोन घेऊन बसलेली असते. माझी स्वतःची एकही लॉरी नाही. ज्यांची एकच लॉरी आहे आणि जे ती स्वतः चालवतात, अशा मालकांसाठी मी कारखान्यांकडून लोड मिळवते, भाडं ठरवते, कागद बघते, आणि माल उतरवल्यावर गाडी रिकामी परत येऊ नये म्हणून तिकडचं लोड शोधते. हल्ली याला डिस्पॅच सर्व्हिस म्हणतात. तुम्ही ब्रोकरच म्हणाल. म्हणा.

तुम्ही दुसऱ्याची गाडी किती वर्षं चालवलीत ते मला माहीत नाही, मी जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. पण त्या वर्षांबद्दल तुम्ही एकच तक्रार करायचात, की कधी जेवायचं आणि कधी झोपायचं तेसुद्धा तो दुसरा माणूस ठरवायचा. मग स्वतःची लॉरी घेतलीत आणि तुमचे कान बदलले. स्टँडवर कुणी 'ए ड्रायव्हर' अशी हाक मारली की तुम्हाला ऐकूच यायची नाही. तो माणूस जवळ येऊन ओरडला तरी तुम्ही शांतपणे टायर बघत राहायचात. 'ओनर' म्हटलं की मात्र लगेच मान वळायची. आपले पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावरून आले ही गोष्ट तुम्ही माल भरणाऱ्या हमालांनासुद्धा ऐकवायचात, आणि शेवटी म्हणायचात, "ते चार पायांवर आले, मी सहा चाकांवर बसलोय. येवढाच फरक, मत्ते आणखी काय?" हमाल हसायचे. आई हसायची नाही. ती निपाणीची, तिला आपलं हे म्हैसूरचं मराठी म्हणजे सांबारात पुरणपोळी बुडवल्यासारखं वाटायचं.

आज तुम्हाला लिहायला बसले ते त्या फळीमुळे. जुन्या लॉरी स्टँडवरच्या ब्रोकरच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिच्यावर ओळीनं खिळे ठोकलेले होते. प्रत्येक मालकानं आपला एक नट आणलेला असायचा, चाकाचा, जुना, आपल्या रंगात रंगवलेला. गाडी रिकामी होऊन गावात आली की मालक ओळीतल्या पुढच्या मोकळ्या खिळ्यावर आपला नट अडकवायचा. लोड आलं की पहिल्या खिळ्यावरचा नट ज्याचा, गाडी त्याची. तो नट काढून मालकाच्या हातात द्यायचा आणि मागचे सगळे एकेक खिळा पुढं सरकवायचे. लिहिता वाचता न येणाऱ्यालाही दारातून आपला रंग दिसायचा आणि आपल्यापुढं किती जण आहेत ते कळायचं. तुमचा नट निळा, एका बाजूला कानशीनं पाडलेली खाच. दुसऱ्या कुणी निळा रंग लावला तर घोटाळा नको म्हणून ती खाच. सुट्टीत तुमचा डबा घेऊन मी स्टँडवर यायची तेव्हा आधी फळी बघायची आणि मग तुम्हाला. तुम्ही दारासमोरच्या दगडावर बसलेले असायचात, फळीवर नजर ठेवून. चहाला बोलावलं तरी उठायचं नाही. कारण तुम्ही उठलात की तुमचा नट मागं सरकतो, हे तुम्हाला अनुभवानं कळलेलं होतं. ब्रोकर तोंडात पान धरून म्हणायचा, "अहो, वाऱ्यानं पडला, मी उचलून लावला." वारा नेमका एकाच नटाला कसा लागतो, हे तुम्ही त्याला कधी विचारलं नाहीत. नुसते बसून राहायचात.

आणि तो निपाणीचा दिवस. मी जन्मायच्या कितीतरी आधी राज्यांची फेररचना झाली तेव्हा आईचं माहेर आणि आपलं गाव एकाच राज्यात आलं. आईला त्याचा उपयोग एवढाच झाला, की 'आता काय, एकाच राज्यात तर आहे, जाऊ की कधीतरी' असं म्हणायला तुम्ही मोकळे झालात. ते कधीतरी काही उगवत नव्हतं. मग एकदा उदबत्तीच्या खोक्यांचं लोड निपाणीला जाणार अशी बातमी तुम्हीच घरी आणलीत. जाताना उदबत्ती, येताना तंबाखू, आणि केबिनमध्ये आम्ही तिघं. धाकट्याला शेजारच्या मावशींकडे ठेवायचं ठरलं. आईनं रात्रीच बेसनाचे लाडू केले, आजीला आवडायचे तसे जरा जास्त भाजलेले. सकाळी आम्ही स्टँडवर आलो. मला आत्ताही दिसतंय. आई नवी साडी नेसून झाडाखाली उभी आहे, पायाशी ट्रंक आहे, हातात लाडवांचा डबा आहे. तुमचा नट तिसऱ्या खिळ्यावर आहे. निपाणीचं लोड तिसरं येईल असा तुमचा हिशेब आहे आणि तो चुकलाय, ते पहिलंच आलंय. ब्रोकर दारातून आईला बघतो. तो आपल्यासारखाच मराठी घरातला. पान बाजूला थुंकून हसतो, वळतो, आणि तुमचा निळा नट तिसऱ्या खिळ्यावरून काढून पहिल्यावर लावतो. म्हणतो, "वहिनी माहेरी निघाल्यात. आपल्या माणसाचं एवढंही करायचं नाही तर मग कुणाचं करायचं?"

मी खूश होऊन टाळी वाजवलेली आहे. आई डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेते. ज्याचा नट पहिला होता तो मंड्याकडचा माणूस आपल्या गाडीच्या टायरकडे बघतोय. तो काहीच बोलत नाही. आणि तुम्ही दगडावरून उठता, आत जाता, आपला नट काढता आणि पुन्हा तिसऱ्या खिळ्यावर लावता.

"अहो, तो काही बोलला का?" ब्रोकर विचारतो.

"बोलला नाही, म्हणूनच," तुम्ही म्हणता.

मंड्यावाल्याची गाडी निपाणीला गेली. आम्ही ट्रंक घेऊन घरी आलो. आईनं स्वयंपाकघरात ट्रंक उघडली, साडी बदलली, चूल पेटवली. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. संध्याकाळी तुमच्या ताटात भाताशेजारी एक लाडू होता. दुसऱ्या दिवशीही एक. डबा संपेपर्यंत रोज एक लाडू, आणि त्याबरोबर शब्द म्हणून नाही. तुम्हाला बेसनाचा लाडू आवडायचा नाही, घशात अडकतो म्हणायचात, पण त्या दिवसांत तुम्ही मुकाट्यानं पाण्याच्या घोटाबरोबर सगळे गिळलेत. शेवटचा संपला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तुमच्या त्या नटानं माझं म्हायेर अडवलं बघा." पावसाळा संपल्यावर आपण निपाणीला गेलो, आजी ठणठणीत होती, तिनं तुम्हाला दोन दिवस भरवून बेजार केलं. तरी पुढं जन्मभर, तुम्ही कुठल्याही गोष्टीत मोठेपणा घ्यायला लागलात की आई नुसतं 'लाडू करू का?' म्हणायची आणि तुम्ही गप्प व्हायचात.

मी गप्प बसले नव्हते. मला तुमचा राग आला होता, खरा राग, रात्री उशीत तोंड खुपसून रडण्याइतका. मला वाटलं, या माणसाला आमच्यापेक्षा खिळे जास्त प्रिय आहेत. पुढच्या रविवारी तुम्ही केबिन धूत होतात तेव्हा मी पायरीवर उभी राहून विचारलं, त्यानं स्वतःहून दिलं होतं, तुम्ही चोरलं नव्हतं, मग घ्यायला काय झालं होतं? तुम्ही आधी नेहमीचं म्हणालात, "सुम्ने बस गे." मी सुम्ने बसले नाही, ओरडले. तेव्हा तुम्ही ओलं फडकं पिळून माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "आज त्यानं मला पुढं घातलं ते मी घेतलं, तर उद्या तो मला मागं घालेल तेव्हा कुठल्या तोंडानं बोलू? हात तोच असतो की गे त्याचा." मग पुन्हा काच पुसायला लागलात आणि काचेशीच बोलल्यासारखं म्हणालात, "आणि ओरडायचं असलं तर त्या मंड्याच्या माणसावर ओरड. आपला नट हलवला तर बोलायला नको का त्यानं? मग कसला ओनर?" तेवढाच काय तो उपदेश. मला पटला नाही. लहान होते म्हणून नाही, नंतरही कित्येक वर्षं पटला नाही.

मला हेब्बाळच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही लॉरी विकून टाकली होती, छातीत दुखायचं म्हणून. पहिल्या दिवशी घरातून निघताना तुम्ही तो निळा नट माझ्या हातात ठेवलात. "टेबलावर ठेव. पंख्यानं कागद उडतात." दुसऱ्या बापांनी पेन दिलं असतं. तुम्ही गेलात त्यानंतरही तो माझ्या टेबलावर होता. त्या टेबलावरून मी वर्षानुवर्षं ब्रोकरांना फोन केले, गाड्या मागवल्या, आणि ब्रोकरांच्या दाराशी तुमच्यासारखे कितीतरी जण दगडावर बसलेले बघितले. कुणाचा भाचा पुढं, कुणी दिवाळीला मिठाई दिली तो पुढं, आणि जो नुसताच रांगेत आहे तो चार दिवस तिथंच. तेव्हा कुठं मला तुम्ही म्हणाला होतात तो हात कळला, जो पुढं घालतो आणि मागंही घालतो. नोकरी सोडली आणि ही खोली घेतली. पहिली वस्तू विकत आणली ती फळी.

लॉरीवाली पोरं हसली होती. फोनवर सगळं होतंय अक्का, खिळे कसले ठोकताय? मी म्हटलं, ठोकणारच. आता प्रत्येकाचा नट माझ्याकडे आहे. गाडी बाहेर गेली की नट एका ॲल्युमिनियमच्या डब्यात जातो, गाडी रिकामी होऊन गावात आली की मालक खालूनच ओरडतो, "अक्का, माझा लावा." आणि रोज सकाळी मी त्या फळीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवते. कुणी कालिकतला माल उतरवतोय, कुणी हुबळीला टायर बदलतोय, त्याला तिथूनच दिसतं की इथं किती गर्दी आहे, लगेच परत यावं की तिकडचंच आणखी एक लोड घ्यावं. दगडावर बसून राहायची गरज नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेला गाड्यांबरोबर नटांनाही हळदकुंकू लागतं. शेवटच्या खिळ्यावर तुमचा निळा नट आहे. त्याला लॉरी नाही, तो पुढं सरकत नाही. नवा कुणी आला आणि हा कुणाचा म्हणून विचारलं तर जुने त्याला सांगतात, आमचा सुपरवायझर आहे तो, सुम्ने, उगाच हात लावू नको.

आता मुद्द्यावर येते. यंदा एक मोठी कंपनी म्हैसूरात उतरली. तिचं सगळं फोनवर. कुठं लोड आहे ते पडद्यावर दिसतं, जो आधी बटण दाबेल त्याचं, आणि जो कमी भाडं घेईल त्याला ते आधी दिसतं. माझ्याकडचे काही मालक तिकडे गेले. जाणारच, पोट प्रत्येकाला आहे. त्याच सुमाराला हेब्बाळच्या एका कारखान्याचा अधिकारी माझ्याकडे आला. तरुण, बोलायला सभ्य, खुर्ची पुसून न बसणारा. म्हणाला, कालिकतकडचं वर्षभराचं सगळं लोड तुम्हाला देतो. अट एकच, कुठली गाडी यायची ते मी सांगणार. तुमच्या फळीबिळीचं मला सांगू नका. मला नवी गाडी पाहिजे, आणि तुमच्या भावाची मला पसंत आहे.

मी सगळ्या मालकांना वर बोलावलं आणि जसंच्या तसं सांगितलं. ज्यांच्या गाड्या जुन्या होत्या ते जमिनीकडे बघत होते, त्या मंड्याच्या माणसानं टायरकडे बघितलं होतं तसे. बोलला तो धाकटा. त्याची लॉरी नवी, हप्ता डोक्यावर, मुलगी यंदा कॉलेजात. "घे की अक्का. फळी फळी करून काय मिळवणार आपण? निम्मे तिकडे गेलेच. मी पण जाईन, खरं सांगतो. अप्पांनी आईला निपाणीला जाऊ दिलं नाही, आता तू मला कालिकतला जाऊ देऊ नको. घरचाच रिवाज दिसतोय हा." सगळे हसले, मीही हसले, पण ते मला लागलं. तो चिडून बोलत नव्हता, थकून बोलत होता. आणि त्याच्या तोंडून आईच बोलत होती. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, अप्पा, तुम्हाला ठाऊक असेलच.

दुसऱ्या दिवशी मी हेब्बाळला त्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, गाडी कशी पाहिजे ते तुम्ही सांगा. लांबी किती, ताडपत्री कशी, ब्रेक तपासलेले पाहिजेत, ते सगळं मी बघते, आणि जी त्यात बसत नाही ती फळीवर लागणारच नाही. पण जेवढ्या बसतात त्यांच्यात पाळी राहील. कुणाची ते तुम्ही सांगायचं नाही, आणि मीही नाही. त्यानं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाला, "मॅडम, मला गाडी पाहिजे, तत्त्व नको." त्यानं आपलं लोड त्या मोठ्या कंपनीला दिलं. पुढचे काही दिवस फळीवर नट तसेच लटकत होते, आणि मी रोज सकाळी त्याच फळीचा तोच फोटो पाठवत होते. एक दिवस वाटलं, आज नको पाठवायला, काय बघणार आहेत? तरी पाठवला. न पाठवला तर त्यांना वाटेल मी काहीतरी हलवतेय.

मग ती दुपार. धाकटा माझ्यासमोर बसून डबा खात होता, त्याचा नट तिसऱ्या खिळ्यावर. पहिल्या खिळ्यावर हुणसूरकडच्या एका म्हाताऱ्या मालकाचा पिवळा नट. एखाद्या गोष्टीत हा म्हातारा तोच मंड्यावाला निघाला असता. हा तो नाही, त्याला तुमचं नावही माहीत नाही. गाडी जुनी, पण पोटच्या पोरासारखी जपलेली. फोन वाजला, मी स्पीकरवर घेतला. तोच अधिकारी. सकाळी ज्या गाडीवाल्यानं बटण दाबून हो म्हटलं होतं, त्याला दुसरीकडे चांगलं भाडं दिसलं आणि त्यानं बटण दाबून नाही म्हटलं होतं. यंत्राचे भाग होते, दुसऱ्या दिवशी सकाळी कालिकतला पोचायलाच हवे होते. आणि बंडीपूरच्या जंगलातलं फाटक रात्री पडलं की सकाळपर्यंत उघडत नाही, म्हणजे गाडी तासाभरात कारखान्याच्या दाराशी लागायला पाहिजे होती. "मॅडम, आज तुमच्या ब्रदरची गाडी पाठवा. उद्या बसून वर्षभराचं बोलू."

धाकट्याचा घास हातात राहिला. मी फळीकडे बघितलं. त्या म्हाताऱ्याची गाडी लांबीला बसत होती, वजनाला बसत होती, आदल्याच आठवड्यात मी तिचे ब्रेक तपासून घेतले होते. मनाला विचारलं, ही फाटकापर्यंत वेळेत पोचेल का? पोचेल. मग दुसरा प्रश्न उरतच नव्हता.

"गाडी येईल सर," मी म्हटलं. "पहिल्या नटाची येईल."

"म्हणजे जुनीच असेल ना? फाटक चुकलं तर? गॅरंटी कोण घेणार?"

"मी."

"चुकलं तर मला पुन्हा फोन करू नका," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकट्यानं डबा बंद केला, हात धुतले, आणि उठून फळीपाशी गेला. मला वाटलं, आता हा आपला नट काढणार, खिशात घालणार, आणि ते बटण दाबायला जाणार. मी त्याला अडवलं नसतं. त्यानं हात वर केला आणि पिवळा नट काढला, पहिला. जिना उतरून खाली गेला. मी खिडकीशी आले. म्हातारा आपल्या गाडीखाली झोळी बांधून झोपला होता. धाकटा खाली वाकला आणि ओरडला, "ओनर! एळी ओनर, लोड बंतु!" उठा, लोड आलं. म्हातारा डोळे चोळत उठला, सगळं ऐकून घेतलं, आणि कन्नडमध्येच म्हणाला की माझी गाडी हळू, तुझी जोरात पळते, घाई आहे तर तूच जा बाबा. धाकट्यानं नट त्याच्या तळहातावर ठेवला. "नट निम्दु," तो म्हणाला. तुमचा आहे. आणि स्वतःच त्याच्या केबिनमध्ये चढून त्याच्याबरोबर हेब्बाळला गेला, ताडपत्री बांधायला दोन हात जास्त असावेत म्हणून. दोर तुमच्याच पद्धतीनं बांधला असेल. त्याला दुसरी पद्धत येतच नाही.

मी वर एकटीच राहिले. चहा केला, तो गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. धाकटा बसनं परत आला, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. दिवेलागणीला फोनवर म्हाताऱ्याचा फोटो आला. हललेला, अर्ध्यावर त्याचा अंगठा, आणि मागं फाटक, उघडं. गाडी पार झाली होती. धाकट्यानं तो फोटो मोठा करून बघितला, आणि म्हणाला, "घरी जातो. वहिनी तुझी वाट बघत असेल." गडबडीत माझी म्हणायचं तिथं तुझी म्हणाला, आणि ज्या बायकोला नावानं हाक मारतो तिला वहिनी. मग दोघंही इतके हसलो की खालचा पंक्चरवाला वर बघायला आला.

वर्षभराचं लोड अजून मिळालेलं नाही. कागद तयार होतोय म्हणतात. तुम्ही म्हणायचात तसं, आयतु, ठीक आहे, बघू. पण परवा त्या अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा त्यानं कुणाची गाडी ते सांगितलं नाही. म्हणाला, "पहिला कुणाचा आहे, पाठवा." तो धाकट्याचाच निघाला, रांगेनं. गेलेल्यांपैकी दोघं परत आले, नट घेऊन. बाकीचे येतील किंवा न येतील. मी फळी काढणार नाही. ती मोठी कंपनी आणखी मोठी झाली, या खोलीचं भाडं वाढलं, फळीवर एकच नट उरला, तरी रोज सकाळी फोटो जाईल. हे मी तुम्हाला सांगते आहे, आणि माझ्या तोंडून एकदा गेलं की मी ते करते, ही खोड कुणाची ते तुम्हीच ठरवा.

हे पत्र मी पाठवणार नाही, पाठवता येणार नाही हे तर आहेच. त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवशी स्टँडवर तुमच्या जागी मी असते, आणि आई झाडाखाली नवी साडी नेसून लाडवांचा डबा घेऊन उभी असती, तर मी तो नट परत तिसऱ्या खिळ्यावर लावला नसता. मी तिला घेऊन निपाणीला गेले असते. हे तुमच्यापाशीच ठेवू नका, अप्पा. तिला सांगा.